उतारा पंधरा रुपयांचा, शोध पिढ्यांचा
घराण्याच्या सरकारी नोंदी ऑनलाइन मिळवायला खरोखर किती पैसे लागतात? सोलापूरच्या निमित्ताने एक आढावा

सातबाऱ्याचा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांना मिळतो. आठ-अ आणि फेरफाराचा दरही तोच. मिळकत पत्रिका हवी असेल तर महानगरपालिकेच्या हद्दीत १३५ रुपये, नगरपालिकेच्या हद्दीत ९० आणि खेड्यात ४५. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये आणि पुढे पानामागे २ रुपये. हे दरपत्रक समोर ठेवले तर महाराष्ट्रात आपल्या घराण्याचे सरकारी कागद मिळवण्याइतके स्वस्त काम दुसरे नाही, असेच कोणाला वाटेल. पण ज्या घरात जात पडताळणीची फाइल झाली आहे, तिथे जाऊन ‘एकूण किती गेले?’ असे विचारले, तर येणारे उत्तर या दरपत्रकाशी कधीच जुळत नाही.

हा फरक कुठून येतो, हे पाहण्याआधी आपल्याकडच्या शोधाचे वेगळेपण ध्यानात घ्यायला हवे. विलायतेत पणजोबा शोधणे हा बहुधा निवृत्तीनंतरचा छंद असतो. आपल्याकडे ते बारावीच्या निकालाच्या सुमारास किंवा ग्रामपंचायतीचा उमेदवारी अर्ज भरताना अंगावर येणारे काम आहे. जातीचा दाखला आणि त्याची वैधता यासाठी कायद्याने ठरावीक तारखांच्या आधीचा पुरावा विचारला जातो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे, असे महाराष्ट्राच्या २००० सालच्या कायद्यातच लिहिले आहे. त्यामुळे आज अठरा वर्षांच्या मुलीला आजोबांचा, कधी पणजोबांचा कागद आणावा लागतो आणि तिच्यापर्यंतची वंशावळ शपथेवर लिहून द्यावी लागते.

जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभर एकसारखा लागू होणारा कायदा १९६९चा आहे. वरच्या चारही तारखा त्याच्या आधीच्या आहेत. नोंदणीची संकेतस्थळे प्रामुख्याने अलीकडच्या नोंदी देतात, सातबाऱ्याचे संकेतस्थळ आजचा खातेदार दाखवते. म्हणजे जे ऑनलाइन आहे ते विचारले जात नाही आणि जे विचारले जाते ते बहुतांशी ऑनलाइन नाही. १५ रुपयांचा उतारा स्वस्त आहेच, पण ज्याला गरज आहे त्याच्या कामाचा तो बहुधा नसतो.

एका जिल्ह्याची अनेक दप्तरे

सोलापूर जिल्ह्यात हा पेच अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण आजचा जिल्हा अनेक राजवटींच्या तुकड्यांतून जोडला गेला आहे. अक्कलकोट हे १९४८ पर्यंत संस्थान होते. माळशिरस तालुका एकोणिसाव्या शतकात साताऱ्याकडून सोलापूरकडे आला. शेजारचे तुळजापूर, नळदुर्ग, परांडा निजामाच्या राज्यात होते आणि तिथला महसुली कारभार उर्दूत चाले. सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे सोयरिकी होत होत्या, माणसे पोटासाठी ये-जा करत होती. त्यामुळे एकाच घराचा एक कागद तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मोडीत, दुसरा धाराशिवकडे उर्दूत आणि तिसरा विजापूरकडे कानडीत असणे हे इथे नवलाचे नाही.

खेड्यातल्या घराचा पहिला आधार म्हणजे कोतवाल बुक. गाव नमुना १४ या नावाची ही जन्म-मृत्यूची नोंदवही. तिच्यात जातीचा रकाना असे, म्हणून आज तिला मोल आले आहे. दुसरा आधार शाळेच्या जनरल रजिस्टरचा, म्हणजे प्रवेश-निर्गम उताऱ्याचा. जिल्हा परिषदा १९६२ साली आल्या. त्याआधीच्या लोकल बोर्डाच्या शाळांची रजिस्टरे मुख्याध्यापकांच्या कपाटात असली तर असतात. तिसरा आधार जमिनीचा : फेरफार, क-पत्रक, खासरा पत्रक, निजामी मुलखात सेतवार आणि पाहणीपत्रक. पण जमिनीच्या कागदावर नाव येण्यासाठी आधी जमीन असावी लागते. भूमिहीनांच्या हाती उरतात कोतवाल बुक आणि शाळा, आणि ज्यांच्या आजोबांनी शाळाच पाहिली नाही त्यांच्या हाती फक्त कोतवाल बुक.

शहराची गोष्ट आणखी निराळी. सोलापुरात १८५२ पासून नगरपालिका होती, १९६४ साली महानगरपालिका झाली. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली आणि पुढच्या काळात इतर गिरण्या उभ्या राहिल्या, तसे तेलंगणातून पद्मशाली विणकर, आसपासच्या जिल्ह्यांतून मराठी आणि कानडी मजूर शहरात आले. त्यांच्यापैकी कित्येकांची गावाकडे जमीन नव्हती आणि शहरात घर भाड्याचे होते. विणकर घरातल्या नातवाला १९६७च्या आधी आपले कुटुंब महाराष्ट्रात राहत होते हे दाखवायचे असते, तेव्हा तेलुगू माध्यमाच्या शाळेचे रजिस्टर, जन्माची पालिकेतली नोंद, गिरणीचे एखादे ओळखपत्र, घरभाड्याची पावती, असा चिंध्या जोडत जाणारा शोध सुरू होतो. गिरण्या बंद पडल्या आणि त्यांची हजेरीपुस्तके आज मागायला जावे अशी खिडकी उरलेली नाही. या कागदांना कोणतेही अधिकृत शुल्क नाही, कारण ते देण्याची जबाबदारीच कोणावर नाही.

शुल्काच्या पलीकडचा खर्च

ऑनलाइन काय मिळते ते आधी नीट मांडू. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळतो. स्वाक्षरीशिवायचा नुसता पाहायचा असेल तर तो फुकट दिसतो. भूमी अभिलेख विभागाने जुने कागद स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या नावाने संकेतस्थळावर आणायला सुरुवात केली, आधी मोजक्या जिल्ह्यांपासून. नोंदणी विभागाच्या मोफत शोधसेवेत खरेदीखतांची सूची पाहता येते, पण तिचा पल्ला अलीकडच्या काही दशकांचाच आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ २०१५ पासून खुले आहे. मात्र त्यात सरकारी फाइली आहेत, गावच्या वह्या नाहीत. जन्माची नोंद करताना पहिला दाखला विनामूल्य द्यावा असे १९६९च्या कायद्याचे १२वे कलम सांगते, पुढच्या शोधाला आणि नकलेला शुल्क आहे. ‘आपले सरकार’वरून दाखला काढायचा तर सेवा केंद्राचे मूळ शुल्क २०२५ मध्ये २० वरून ५० रुपये झाले.

खरा खर्च या सगळ्याच्या बाहेर होतो. त्याचे चार भाग पडतात.

पहिला शोधाचा. नोंदवह्या गावनिहाय आणि वर्षनिहाय लावलेल्या असतात, नावानुसार नाहीत. आजोबा कोणत्या साली जन्मले हे घरात कोणालाच ठाऊक नसते, म्हणून दहा-वीस वर्षांची पाने चाळावी लागतात. पूर्वी आडनाव लिहिण्याची पद्धत सर्वत्र नव्हती. ‘भीमा वल्द रामा’ एवढ्यावर आपला भीमा कोणता ते ठरवायचे असते. यासाठी तालुक्याला हेलपाटे, बुडालेली मजुरी, आणि धीर सुटला की एजंट.

दुसरा वाचनाचा. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंतचे कितीतरी कागद मोडीत आहेत. नक्कल हातात आली तरी ती वाचून देणारा, लिप्यंतर करून त्याखाली सही करणारा माणूस शोधावा लागतो. उर्दू आणि फारसी शब्दांनी भरलेल्या निजामी कागदांचेही तसेच. सरकारने आपल्याच दप्तराची नक्कल दिली, पण तिच्यात काय लिहिले आहे हे नागरिकाने स्वतःच्या पैशाने वाचून घ्यायचे, असा हा व्यवहार आहे.

तिसरा प्रमाणित करण्याचा. खरी नक्कल, तिच्या झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रे, नोटरी. सरकारी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क २००४ सालीच माफ झाले आहे. तरी २०२४ मध्ये किमान मुद्रांक ५०० रुपयांचा झाल्यावर लोक दाखल्यांसाठी ५०० रुपयांचे कागद घेत राहिले आणि २०२५ मध्ये सरकारला ही माफी पुन्हा बजावून सांगावी लागली. माफी कागदावर असते आणि सवय खिडकीवर, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

चौथा खर्च पुनरावृत्तीचा, आणि तो सर्वांत अन्यायाचा. थोरल्या भावाने शोधलेला कागद धाकट्या बहिणीच्या वेळी पुन्हा तपासला जातो. वडिलांकडच्या रक्तनात्यात वैधता मिळालेली असेल तर ती साधारणपणे मान्य करावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० सालीच म्हटले होते. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही जमातीच्या दाव्यांबाबत जुन्या कागदांचे वजन अधोरेखित केले. तरीही प्रत्येक फाइल पहिल्यापासून लावण्याची सवय सुटलेली नाही.

यात आणखी एक भर निसर्ग घालतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळा या तालुक्यांतली घरे पाण्याखाली गेली. घरातल्या ट्रंकेत जपलेले कागद भिजले की तोच शोध पुन्हा पहिल्या पायरीपासून करावा लागतो. नोंदीची प्रत सरकारच्या संकेतस्थळावर असती तर त्या घराचे निदान हे एक काम वाचले असते.

सरकारने मनावर घेतले तेव्हा

हे सगळे सरकारला करता येते याचा पुरावा आपल्यासमोरच आहे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर मराठा घरांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी तिचे काम मराठवाड्यापुरते होते, नोव्हेंबरमध्ये ते राज्यभर वाढवले. तहसील, शाळा, भूमी अभिलेख, तुरुंग, पोलीस अशा नाना खात्यांची दप्तरे उघडली गेली. मोडी आणि उर्दू जाणणारे बोलावले गेले, हैदराबादला पथके गेली. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस सांगितलेला आकडा असा : मराठवाड्यात १ कोटी ७३ लाखांहून अधिक नोंदी तपासल्या आणि ११,५३० कुणबी नोंदी सापडल्या. राज्यभरचा आकडा पुढे ५४ लाखांवर गेला. सापडलेल्या नोंदींची स्कॅन केलेली पाने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर तालुका आणि गावनिहाय टाकली गेली आणि ती बघायला एक रुपयाही पडत नव्हता.

मराठवाड्याच्या त्या पहिल्या आकड्याचा हिशेब करण्यासारखा आहे. साधारण दीड हजार नोंदी चाळल्या तेव्हा एक सापडली. हेच काम एखाद्या नागरिकाने माहिती अधिकारात पानामागे २ रुपये भरून केले असते आणि पानावर एकच नोंद धरली, तर नुसत्या प्रतींचे तीन हजार रुपये झाले असते, आणि तरी नोंद आपल्याच घराची निघेल याची खात्री नव्हती. सामूहिक शोध आणि एकट्याचा शोध यांतला फरक इथे कळतो. वही एकदा उघडली की तिच्यातली सगळी गावे आणि सगळ्या जाती एकदम वाचता येतात. एकेका अर्जदाराने ती वेगवेगळी उघडायची म्हणजे एकाच विहिरीतून प्रत्येकाने स्वतंत्र पोहरा आणि दोर विकत घेऊन पाणी काढायचे.

पण या मोहिमेत पाहिले गेले ते मुख्यतः एकाच नोंदीसाठी. त्याच वहीतल्या, त्याच पानावरच्या पारधी, कैकाडी, महादेव कोळी किंवा महार घराची नोंद नजरेखालून गेली आणि पान उलटले गेले. ती नोंद त्याच वेळी सूचीत घातली असती तर खर्चात फारशी भर पडली नसती.

सोलापूरकरांना हे विशेष खुपायला हवे, कारण ज्यांच्या नोंदी सरकारने सर्वांत काटेकोरपणे ठेवल्या ती माणसे याच शहरात राहतात. गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. आत राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव, जमात, कुटुंब लिहिलेले असे. हजेरी घेतली जाई, बाहेर जायला पास लागे, आणि याच माणसांना गिरण्यांत कामाला पाठवले जाई. देशपातळीवर तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्या घरांच्या नातवंडांना आज १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्या राजवटीने त्यांच्या आजोबांना नावानिशी कोंडले तिचे दप्तर पुढे सरकारकडेच आले, आणि नातवाने पुरावा कुठून आणायचा तर गावच्या कोतवाल बुकातून, जिथे भटकणाऱ्या माणसाचे नाव असण्याचा संभव सर्वांत कमी. सेटलमेंटची उरलेली रजिस्टरे शोधून, स्कॅन करून ती थेट पुरावा म्हणून धरावीत, यासाठी कुंपणाबाहेरच्या कोणी आंदोलन करण्याची वाट पाहायला नको.

बिगरसरकारी वंशावळी

सरकारच्या वह्यांआधीही घराण्यांची मोजदाद होत होती. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी, सोलापूर-सांगली-कोल्हापूर आणि उत्तर कर्नाटकात सुगीनंतर गावोगाव फिरून कुळाची पिढी सांगणारे हेळवी, आणि छापील कुलवृत्तांत. यांचाही खर्च असे, पण त्याची तऱ्हा वेगळी. हेळव्याला धान्य, उपाध्यायाला दक्षिणा, कुलवृत्तांताला कुलमंडळाची वर्गणी. शोधाचा भार सबंध कुळावर वाटला जाई. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे तर अमेरिकेतल्या फॅमिलीसर्च या संस्थेने घेतली आणि ती फुकट पाहायला ठेवली. मात्र कुलवृत्तांत छापणे शिकलेल्या, सुस्थितीतल्या घराण्यांनाच जमले. आणि बहुतेक सगळ्या वंशावळी पुरुषांच्या. सून माहेरचे नाव टाकून येते आणि नोंदीत हरवते. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव घालणे महाराष्ट्राने सक्तीचे केले, त्यामुळे पुढच्या शतकातला शोध तरी दोन्ही अंगांनी करता येईल.

इतरांनी काय केले

इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यू-विवाहाच्या दाखल्याचा दर २०२४ पासून साडेबारा पौंड आहे, म्हणजे आपल्याकडचे चौदाशे रुपयांच्या आसपास. स्वस्त पर्यायही आहेत : संगणकीय प्रत ८ पौंड, काही जुन्या नोंदींचे नुसते चित्र ३ पौंड. सूची मात्र फुकट शोधता येते. स्कॉटलंडच्या सरकारी संकेतस्थळावर एका जुन्या नोंदीचे चित्र दीड पौंडाला पडते. आयर्लंडने वेगळा मार्ग धरला. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू यांची मूळ पाने सगळ्यांना विनामूल्य. इंग्लंडची १९२१ची जनगणना २०२२ मध्ये फाइंडमायपास्ट या खासगी कंपनीमार्फत आली तेव्हा मूळ पानाच्या चित्राला साडेतीन पौंड पडत. त्याच वर्षी अमेरिकेने १९५०ची जनगणना सगळ्यांना फुकट दिली. आपल्याकडे जनगणनेची वैयक्तिक पत्रके कोणालाच पाहता येत नाहीत, १९४८च्या कायद्याने ती गोपनीय आहेत. तिथे पैसे मोजून मिळणारी गोष्ट इथे कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही.

मॉरिशसमध्ये गेलेल्या मराठी घरांची कथा सुखावणारी आहे. मुंबई बंदरातून करारावर गेलेल्या मजुरांची रजिस्टरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपली आहेत. जहाज, क्रमांक, बापाचे नाव आणि मूळ गाव त्यांत मिळते. कोकणातून गेलेल्या मजुराचा पणतू आपले गाव तिथे शोधू शकतो. सोलापूरच्या विणकराच्या पणतवाला मात्र तेवढी सोय नाही.

आसामचा दाखला सावध करणारा आहे. १९५१ची नागरिक नोंदवही आणि १९७१ पर्यंतच्या मतदार याद्या २०१५ मध्ये ऑनलाइन फुकट दिल्या गेल्या. पण सिद्ध करण्याची जबाबदारी लोकांवर राहिली, आणि नोंद फुकट असूनही प्रवास, सुनावण्या आणि वकील यांत घरे बुडाली. शुल्क शून्य केले म्हणजे खर्च शून्य होतो असे नाही.

दुसरी बाजूही खरी

शुल्क असूच नये, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. जीर्ण पाने दुरुस्त करणे, स्कॅन करणे, सूची करणे, सर्व्हर चालवणे याला पैसे लागतात. बँका, बिल्डर, जमिनीचे दलाल रोज शेकडो उतारे काढतात, त्यांनी दर मोजलाच पाहिजे. महाराष्ट्रात २००५चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, अभिलेख बेकायदा हलवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद त्यात आहे. पण शिक्षेच्या भीतीने वाळवी थांबत नाही, त्यासाठी निधी लागतो.

खासगीपणाचा प्रश्नही खरा आहे. कोतवाल बुकाचे एक पान संकेतस्थळावर टाकले की अर्जदाराबरोबर शेजारच्या दहा घरांचीही जात उघडी पडते. मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण देऊ नये असे कायदा सांगतो, जुन्या पानांवर मात्र ते लिहिलेले असते. म्हणून आयर्लंडसारखी वर्षांची मर्यादा आपल्याकडेही हवी : जुने खुले, अलीकडचे फक्त वारसांना.

दर कोणी भरायचा

या सगळ्याचा निष्कर्ष दर १५ रुपये असावा की ५० यावर येत नाही. घराण्याचा कागद तीन कारणांनी मागितला जातो : धंद्यासाठी, कुतूहलासाठी आणि कायद्याने भाग पाडले म्हणून. पहिल्याने पूर्ण दर द्यावा, दुसऱ्याने माफक द्यावा. तिसऱ्याकडून शोधाचा, वाचनाचा आणि प्रमाणित नकलेचा एक पैसाही घेणे योग्य नाही, कारण तो कागद त्याला नको आहे, सरकारला हवा आहे.

त्यासाठी करायचे काम २०२३च्या मोहिमेने आखून दिले आहे. कोतवाल बुके आणि जुनी शाळा-रजिस्टरे सर्व जातींसाठी एकदाच वाचून गाव, नाव, बापाचे नाव आणि साल यांची देवनागरी सूची करावी. मोडी आणि उर्दू पानांचे लिप्यंतर सरकारने करून त्यावर सरकारचीच सही असावी. एकदा वैध ठरलेली वंशावळ पुढच्या भावंडांना आणि मुलांना आपोआप लागू व्हावी. आणि नोंद शोधूनही सापडली नाही, तर तिच्या अभावाचा तोटा अर्जदाराच्या एकट्याच्या माथी मारू नये. वही सरकारने ठेवायची होती, तिची जबाबदारीही सरकारचीच. पुराव्याची तारीख ज्याने ठरवली, त्या तारखेपर्यंत मागे जाण्याचा खर्चही त्यानेच उचलायचा असतो.